नंबी सरांचा रोजचा दीड तास

पोल्लाचीला भाचीच्या बांगड्या भरण्याचा, म्हणजे आमच्याकडच्या डोहाळजेवणाचा, समारंभ होता, म्हणून मी दोन दिवस रजेवर होते. परत आले तेव्हा माझ्या टेबलासमोर पुलवर सेम्मलै बसले होते. काळा सदरा, मांडीवर छत्री आणि छत्रीवर एक छापलेला कागद. पुलवर म्हणजे तमिळचे पंडित; हे कोइंबतूरच्या विवेकवादी मंडळाचे चिटणीस, जन्मभर शाळेत तमिळ शिकवलेले. आमच्या पंपांच्या कारखान्यात ते वर्षातून एकदा देणगीसाठी येत आणि माझ्याशी नमस्कारापलीकडे बोलत नसत. त्या दिवशी ते उठले आणि तो कागद त्यांनी माझ्यापुढे धरला.

"अम्मा, हे तुम्ही लिहिलंत?"

मी वाचलं.

«आदरणीय पुलवर अय्या, थोर विचारवंत अंजानेंजन यांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम रविवारी सायंकाळी साडेचारला योजल्याचे वाचून आनंद झाला. तथापि ही वेळ राहूकाळात येते. श्री. अरिवुडैनंबी यांच्या गेल्या अकरा वर्षांच्या दिनदर्शिकेवरून ते राहूकाळात कोणतीही महत्त्वाची बैठक, सही, प्रवास किंवा शुभारंभ करीत नाहीत असे दिसते. त्यांच्या श्रद्धेचा मान राखून सव्वासहाची वेळ सुचवीत आहे. आपल्या सोयीसाठी आठवड्याच्या राहूकाळाचा तक्ता सोबत जोडला आहे.»

खाली तक्ता होता. रंगीत आणि सुबक.

"नाही अय्या," मी म्हटलं. "मी नाही लिहिलं."

"मग कोणी?"

याचं उत्तर देण्याआधी मला विचार करायला थोडा वेळ हवा होता, म्हणून मी कॉफी मागवली.

ज्यांची जन्मशताब्दी होती ते अंजानेंजन अय्या म्हणजे आमचे मालक अरिवुडैनंबी यांचे वडील. त्यांनी स्वतःचं लग्न मुद्दाम राहूकाळात, रोजच्या त्या अशुभ मानलेल्या दीड तासात, केलं होतं. पुढे शेकडो लोकांची त्याच वेळेला लावली. मुलाचं लग्न त्यांनी लग्नाला वर्ज्य मानलेल्या आडी महिन्यात, राहूकाळात आणि मांडवात मांजर मोकळं सोडून लावलं. त्या मांजरानं पापड पळवल्याची गोष्ट गावात अजून सांगतात. नंबी सर स्वतः मंडळाचे वीस वर्षं अध्यक्ष. रविवारी साडेचारची वेळ पुलवरांनी पंचांग उघडून शोधली होती. त्यांच्या घरात पंचांग असतं ते एवढ्याच कामासाठी. त्या वेळी नंबी सरांच्या हातून वडिलांच्या अर्धपुतळ्याचं अनावरण व्हायचं होतं. आणि आता खुद्द अध्यक्षांच्या कचेरीतून कळवलं गेलं होतं की साहेब राहूकाळ पाळतात, तुम्ही सव्वासहाला या.

पुलवर चिडले असते तर बरं झालं असतं. ते दुखावले होते. वीस वर्षं मी या माणसाला हार घालत आलो, असं ते दोनदा म्हणाले. मग त्यांनी कामाचं सांगितलं. पत्र मंडळाच्या सगळ्यांच्या पत्त्यावर आलं होतं, त्यामुळे ते सगळ्यांनी वाचलं होतं. गुरुवारी कार्यकारिणीची बैठक होती. पत्रातलं खोटं असेल तर तसं लेखी हवं होतं. खरं असेल तर अध्यक्षपदही गेलं आणि पुतळ्यावरचा पडदाही दुसऱ्या कोणीतरी सरकवायचा.

"बाप त्यांचा आहे, मान्य," ते म्हणाले. "पण त्या बापाला विचारलं असतं, तर त्यानंही हेच सांगितलं असतं."

कॉफी नको म्हणाले. आल्यावर मात्र प्यायले, आणि छत्री उचलून गेले.

अडचण अशी होती की दिनदर्शिकेत ते सगळं खरंच तसं होतं. आणि ती दिनदर्शिका नंबी सरांची सचिव म्हणून अकरा वर्षं मी भरत होते.

माझ्या आधी या जागेवर वरदाचारी होते. कपाळावर उभं गंध, खांद्यावर अंगवस्त्र आणि दक्षिणेत तोड नाही असं लघुलेखन. नास्तिकांच्या कचेरीत हा माणूस कसा, असं लोक अंजानेंजन अय्यांना विचारत, तेव्हा ते म्हणत की मी त्याचं गंध पगारावर ठेवलेलं नाही, हात ठेवला आहे. निवृत्त होताना वरदाचारींनी मला सगळं समजावून दिलं आणि शेवटी दार लोटून घेतलं. म्हणाले, रोज राहूकाळाचा दीड तास मोकळा ठेवायचा. साहेब कधी तसं म्हणणार नाहीत. तू कधी विचारायचं नाहीस.

मी विचारलं नाही. मला वाटलं, समोर विवेकवादी आणि आतून घाबरट, अशी माणसं काही थोडी नसतात. माझा स्वतःचा राहूशी संबंध एवढाच की मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. राहू म्हणजे चंद्राची कक्षा आणि सूर्याचा आकाशातला मार्ग जिथे एकमेकांना छेदतात तो बिंदू. बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, मग रोजचा दीड तास त्याला कुठून मिळणार? पण नोकरी नोकरीच्या जागी. कोणी विचारलं तर मी म्हणत असे, साहेब त्या वेळेत मोकळे नाहीत. हे खोटंही नव्हतं.

आता उदवीबद्दल सांगायला हवं. उदवी म्हणजे मदत; आमच्या संगणकातल्या कृत्रिम बुद्धीच्या मदतनीसाला नंबी सरांच्या सुनेनं, ओवियानं, ठेवलेलं हे नाव. ओविया सिंगापूरहून शिकून आलेली, हुशार आणि मनानं सरळ मुलगी. मी या गोष्टीला विरोध करीन अशी तिला धास्ती होती. मी केला नाही. प्रयोगशाळेत आम्हाला एक शिकवलं होतं की नवं उपकरण हातात आलं की आधी त्याची चूक किती आणि कुठल्या बाजूला ते पाहावं. मी तसं पाहिलं. उदवी पत्रांचे कच्चे मसुदे चांगले करायची, विमानांच्या वेळा झटक्यात जुळवायची. पण एका विक्रेत्याचे तिनं त्यानं कधीच न पाठवलेल्या चांदीच्या दिव्याबद्दल गहिवरून आभार मानले. बैठकीत नंबी सर 'पाहू' म्हणाले की तिनं इतिवृत्तात लिहायचं, 'अध्यक्ष या प्रस्तावाचा पुढील आठवड्यात विचार करतील.' कारखान्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे की सरांचं 'पाहू' म्हणजे नाही.

म्हणून मी नियम केला. उदवीनं लिहायचं, मी वाचायचं, मग पाठवायचं. कोणाचा पगार, कोणाचा आजार, घरची पत्रं तिला द्यायची नाहीत. दिनदर्शिका मात्र दिली. तिच्यात नुसत्या वेळा आणि नावं, त्यात काय लपवायचं, असं मला वाटलं. मोकळ्या सोडलेल्या जागाही बोलतात हे माझ्या लक्षात आलं नाही.

खरं म्हणजे शोध तिनं चांगला लावला होता. रविवारी आमची कचेरी बंद, म्हणजे अकरा वर्षांच्या नोंदींत रविवार नव्हताच. सोमवार ते शनिवारच्या मोकळ्या जागा पाहून तिनं राहूकाळ ओळखला आणि रविवारचा स्वतः भरला. एखाद्या विद्यार्थ्यानं असं केलं असतं तर मी पाठ थोपटली असती. मग विचारलं असतं, की बाळा, जागा मोकळी आहे एवढंच तुला दिसलं, श्रद्धा तुला कुठे दिसली?

पण हेच मलाही कोणी अकरा वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं.

दुपारी ओविया लॅपटॉप छातीशी धरून आली. तिचा चेहरा पाहून मला काही विचारावं लागलं नाही. मी रजेवर असताना पत्रांचा ढीग साचला, तिनं एक कळ दाबली आणि भेटीची वेळ मागणाऱ्या पत्रांना उदवीनं परस्पर उत्तर द्यावं अशी व्यवस्था केली.

"नुसत्या तारखा तर द्यायच्या होत्या अक्का," ती म्हणाली. "तारखेत काय बिघडणार होतं?"

मी तिला म्हटलं की आधी ती कळ बंद कर. तिनं केली. मग ती म्हणाली की उदवीकडूनच क्षमापत्र लिहून घेऊ, ती फार छान लिहिते. पहिल्या मसुद्यात सगळा दोष तांत्रिक बिघाडावर टाकलेला होता. हे खरं नव्हतं. यंत्र अगदी ठणठणीत चाललं होतं. ओवियानं सांगितलं की आणखी पटेल असं लिही. दुसऱ्यात नंबी सर त्या दीड तासात ध्यान करत होते. विवेकवादी मंडळाला हे कळवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तिसऱ्यात त्यांना हृदयविकार जडला होता आणि डॉक्टरांनी विश्रांतीच्या वेळा ठरवून दिल्या होत्या.

ओविया तिसऱ्यावर खूश झाली. "हे बघा अक्का, यावर कोणी एक शब्द बोलणार नाही."

"बोलणार नाहीत," मी म्हटलं. "संत्री घेऊन घरी येतील. आणि तुझ्या सासूबाईंना काय सांगणार आहेस?"

तिनं लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी नंबी सर ओतशाळेतून परतले. मी त्यांच्या खोलीत गेले, दार लोटलं आणि कागद पुढे ठेवला. मला वाटलं होतं त्यांचा चेहरा पडेल. त्यांनी पत्र वाचलं, मग चष्मा वर सरकवून तक्ता वाचला.

"बुधवारचा बरोबर आहे, बारा ते दीड," ते म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि फार हळुवार आवाजात मला समजावू लागले. म्हणाले की मंगैम्मा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही राहूकाळ पाळता हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. शिकलेल्या बाईनं असं करावं याचं नवल वाटलं, पण माणसाच्या मनाचं कोणी सांगावं? साहेबानं बाईमाणसाच्या श्रद्धेची चौकशी करणं मला बरं दिसेना, म्हणून मी कधी विषय काढला नाही.

मला हे समजायला थोडा वेळ लागला.

"सर, मी नाही पाळत," मी म्हटलं. "तुम्ही पाळता."

"मी?"

"वरदाचारी म्हणाले."

"वरदाचारी पाळायचा," नंबी सर म्हणाले. "आप्पांना माहीत होतं. दीड तास सोडून बाकी दिवसभर तो दोघांचं काम करतो, असू दे, असं ते म्हणायचे. तुम्ही आलात आणि तेच चालू राहिलं. मला वाटलं, आता ह्याही तशाच."

म्हणजे वरदाचारींना जाता जाता आपला राहू कोणाच्या तरी हवाली करायचा होता, आणि तो त्यांनी साहेबांच्या नावानं माझ्या हवाली केला. त्यानंतर अकरा वर्षं या कचेरीत राहूकाळ अगदी काटेकोर पाळला गेला आणि तो मानणारं कचेरीत कोणीही नव्हतं.

मी विचारलं की सर, तुम्हाला पटत नव्हतं, तर एकदाही त्या वेळेत बैठक ठेवा असं का नाही म्हणालात? जपानची माणसं दोन तास खाली बसली होती, तेव्हाही नाही.

नंबी सर खिडकीकडे वळले. खिशातून रुमाल काढला, तोंडाशी नेला. परत वळले तेव्हा त्यांचा चेहरा एका बोटानं आखूड झाला होता. रुमालात दात होते. वरचे सगळे आणि खालचे काही.

ते बोलू लागले आणि मला प्रत्येक शब्द दुसऱ्यांदा मनात लावून घ्यावा लागला. कवळी बसवून नऊ वर्षं झाली होती. बायको आणि दंतवैद्य सोडून कोणाला माहीत नव्हतं. हिरड्या दिवसभर दम धरत नाहीत, रोज मध्येच कधीतरी दीडएक तास काढून ठेवावीच लागते. त्या वेळेत कोणी यायला नको असतं आणि का नको ते सांगता येत नाही.

"तुमच्या राहूवर माझे दात विसावले," असं काहीसं ते म्हणाले.

या शहरात तमिळ बोलावं तर नंबी सरांनी, असं पुलवरही म्हणतात. व्यासपीठावर ते उभे राहिले की जिभेला कठीण अक्षरंही घासून पुसून ठेवल्यासारखी येतात. त्यांना त्या आवाजाचा आणि मिशीखालच्या त्या हसण्याचा अभिमान होता. आता खरं सांगितलं तर पुतळ्यावरचा पडदा त्यांच्या हातून सरकला असता, पण ते हसणं गेलं असतं. त्यांनी दात परत बसवले आणि शुद्ध तमिळमध्ये मला सांगितलं की अंधश्रद्ध म्हणून मंडळानं काढून टाकलं तरी चालेल, पण हे बाहेर जायला नको.

मी म्हटलं की मी खोटं लिहिणार नाही आणि दातांबद्दलही लिहिणार नाही. तेवढं सोडून जे उरतं ते लिहिते. उदवीला न विचारता, हातानं लिहून आणलं:

«अय्या, मंडळाला गेलेले उत्तर आमच्या संगणकातील मदतनीसाने लिहिले आणि ते कोणीही न वाचता गेले. असली पत्रे वाचून मगच पाठवणे ही जबाबदारी माझी आहे. दिनदर्शिकेतील त्या मोकळ्या वेळा मी ठेवल्या. तसे नंबी सरांनी मला कधीही सांगितले नव्हते. त्यांच्या श्रद्धेविषयीचे वाक्य हा यंत्राचा तर्क आहे. रविवारी साडेचारला ते येतील. – मंगैयर्करसी»

नंबी सरांनी ते दोनदा वाचलं. "यातून लोक समजतील की तुम्हीच…"

"समजू देत," मी म्हटलं. मला ते मुळीच आवडलेलं नव्हतं.

ते बराच वेळ पेन बोटांत फिरवत बसले. "पाहू," असं म्हणाले, आणि कागद माझ्या हातात परत दिला. त्या 'पाहू'चा अर्थ मला पहिल्यांदाच लावता आला नाही. पण कागद परत दिला होता, म्हणून मी पाठवला.

गुरुवारी कार्यकारिणीनं पत्र वाचलं आणि नंबी सर सुटले. शुक्रवारी मी सापडले.

पुलवर सकाळीच आले. हातात पुस्तिकांचा गठ्ठा आणि डोळ्यांत एवढी दया की मला खुर्ची सोडून पळावंसं वाटलं.

"अम्मा, शिक्षण किती?"

"एम.एस्सी."

"कशात?"

"भौतिकशास्त्रात."

त्यांनी डोळे मिटले. "अरेरे. हे फारच वाईट."

मग त्यांनी मला राहू म्हणजे काय ते शिकवलं. ते चुकीचं होतं. राहू ही पृथ्वीची सावली आहे असं ते म्हणत होते, आणि मला बिंदूबद्दल सांगण्याची इतकी इच्छा झाली की मी टाचणीनं टेबलावर रेघोट्या ओढत राहिले. सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता की एवढं माहीत आहे तर पाळता कशाला, आणि त्याचं उत्तर एका रुमालात होतं. मी मान हलवत राहिले. पुलवरांना वाटलं, प्रकाश पडतो आहे. जाताना म्हणाले की तुमच्यासारख्या बाईनं पत्र लिहून मोकळेपणानं कबुली दिली, ही लहान गोष्ट नाही. रविवारी मंडळ तुमचा सत्कार करील. मी नको म्हटलं. त्यांनी तो विनय समजला. दुपारी पत्रिका छापून आली. अंजानेंजन अय्यांच्या नावाखाली, थोड्या लहान अक्षरांत: 'अंधश्रद्धेतून मुक्त झालेल्या भगिनी मंगैयर्करसी यांचा गौरव.'

नंबी सर ती पत्रिका घेऊन माझ्या टेबलापाशी आले, उभे राहिले, घसा खाकरला आणि परत गेले. तासाभरानं मैसूरपाकचा मोठा डबा पाठवला. शनिवारी पुन्हा आले, पुन्हा उभे राहिले. मी विचारलं, काही हवं होतं का सर? म्हणाले, काही नाही. मला त्यांची दया येत होती, पण डबा मी घरी नेला नाही. भाचीचा नवरा पत्रिका वाचून फोनवर विचारत होता की आत्या आधी कशात अडकल्या होत्या.

रविवारी सभागृह भरलं होतं. व्यासपीठाच्या मध्यावर लाल कापडाखाली पुतळा, शेजारी पुलवर, मग नंबी सर आणि कडेच्या खुर्चीत मी. बरोबर साडेचारला पुलवरांनी घड्याळ सगळ्यांना दाखवलं आणि राहूला उद्देशून म्हणाले की हिंमत असेल तर माईक बंद पाडून दाखव. माईक चालू राहिला. टाळ्या झाल्या.

मग माझा सत्कार. पुलवरांनी सांगितलं की या भगिनीनं पदार्थविज्ञान शिकूनही वर्षानुवर्षं ग्रहांच्या भीतीत काढली आणि एका यंत्राच्या चुकीनं तिचे डोळे उघडले. शाल माझ्या खांद्यावर पडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आजारातून उठलेल्या माणसासाठी वाजवतात तशा. पहिल्या रांगेतली ओविया आपल्या चपलांकडे पाहत होती.

नंबी सर भाषणाला उठले. भाषणाचा मसुदा उदवीचा होता, तपासून मी नीट केलेला. त्यांनी पहिली दोन वाक्यं वाचली. मग कागद खाली ठेवला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"ही शाल चुकीच्या खांद्यावर पडली आहे," ते म्हणाले.

सभागृहात कोणीतरी खोकलं. पुलवरांनी शालीकडे पाहिलं. त्यांना वाटलं, ती खरंच सरकली आहे.

नंबी सरांनी सगळं सांगितलं. वरदाचारींचं, माझं आणि आपण दोघं एकमेकांना अंधश्रद्ध समजत कसे बसलो होतो ते. लोक हसू लागले. पण ते थांबले नाहीत. म्हणाले की या बाईंना राहू म्हणजे काय ते आपल्या सगळ्यांपेक्षा बरोबर माहीत आहे, त्यांनी मोकळ्या वेळा माझ्यासाठी ठेवल्या, आणि मी त्या घेतल्या.

"का घेतल्या ते सांगतो. माझे दात खोटे आहेत."

आता कोणी हसलं नाही. आपण काय ऐकतो आहोत हे लोकांना अजून कळायचं होतं.

"आप्पांनी मला देवाला घाबरू नको, ग्रहाला घाबरू नको असं शिकवलं," ते म्हणाले. "दंतवैद्याविषयी ते काही बोलले नव्हते. तुम्ही मला हसाल एवढ्याच भीतीनं मी परवा या बाईंना पुढे केलं आणि मैसूरपाक पाठवून गप्प बसलो. हे आप्पांना आवडलं नसतं. आणि आता माझी वेळ झाली आहे, हिरड्या बोलू देत नाहीत, तेव्हा माफ करा."

त्यांनी रुमाल काढला. उरलेलं भाषण त्यांनी कवळीशिवाय केलं. आईवडिलांचे उपकार, मंडळाचा इतिहास, आभार, यातलं एक अक्षरही नीट कळलं नाही आणि मी त्यांच्या कुठल्याच भाषणाला इतक्या टाळ्या ऐकल्या नाहीत. मग त्यांनी दोरी ओढली. लाल कापड खाली आलं. शिल्पकारानं अंजानेंजन अय्यांच्या शेवटच्या काळातल्या फोटोवरून पुतळा घडवला होता, गाल आत गेलेले, हनुवटी पुढे आलेली. बाप आणि मुलगा शेजारी शेजारी उभे होते आणि तेच तोंड, तीच हनुवटी. पहिल्यांदा पुलवरच हसले, मग सगळं सभागृह.

चहाच्या वेळी मी शाल घडी करून पुलवरांना परत द्यायला गेले. त्यांनी घेतली नाही. इकडेतिकडे पाहिलं, मला खांबाआड नेलं आणि राहू खरंच बिंदू आहे का ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. मग आणखी हळू आवाजात विचारलं की नंबींना एकट्यात भेटायला अर्धा तास मिळेल का, आणि बोलताना स्वतःच्याच नकळत त्यांचा हात गालाकडे गेला.

मी बघते म्हटलं.

सोमवारी सकाळी मी दिनदर्शिका उघडली आणि मिटली. उदवीनं नम्रपणे विचारलं की काही नवी नोंद करायची आहे का. मी नाही म्हटलं आणि उठून सरांच्या खोलीत गेले.

"सर, बुधवारी बाराला पुलवर येतील."

"कशासाठी?"

"ते सांगतील तुम्हाला," मी म्हटलं, आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं.